असाधारण परिस्थिती

तक्रारीचं पत्र लिहिणं ही एक कला आहे, असं मी गेली पन्नास वर्षं मानत आलो. नळाला पाणी नाही, गल्लीत दिवा नाही, एस.टी. थांब्यावर थांबत नाही, अशा प्रत्येक 'नाही'वर माझं एकेक पत्र आहे. त्यातली सतरा वर्तमानपत्रांत छापून आली. पाणी आलं नाही, ती गोष्ट वेगळी. पाणी यावं म्हणून पत्र लिहायचं असतं, हा नवशिक्यांचा गैरसमज आहे. पत्र पेटीत टाकून आलं की रात्री झोप चांगली लागते, म्हणून ते लिहायचं असतं.

एवढं आत्मचरित्र सांगायचं कारण असं की, माझ्या या हयातभराच्या व्यासंगाचा एका यंत्राने परवा दीड मिनिटात निकाल लावला. त्या यंत्राच्या लेखनाचं हे परीक्षण आहे. परीक्षक निःपक्षपाती असावा असा संकेत आहे. मी तसा नाही. मी प्रतिस्पर्धी आहे.

झालं ते असं. आमची मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे दोन महिने राहून आम्ही उभयता फ्रँकफुर्टहून मुंबईला परत निघालो. रात्री दीडला मुंबई, तिथून गाडीने पहाटे सहाला पुणे, आंघोळ, आणि आठ वाजता दादाच्या सहस्रचंद्रदर्शनाला हजर, असा कार्यक्रम मी वहीत लिहून काढला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मला सायकल शिकवणारा, माझी कॉलेजची फी भरणारा आणि माझ्या सतरा छापील पत्रांची कात्रणं ट्रंकेत जपून ठेवणारा जगातला एकमेव वाचक. दोन दिवस आधीचं तिकीट मिळत होतं, पण ते माणशी चाळीस युरोंनी महाग होतं. "अहो, घ्या ना आधीचं," असं ही म्हणाली होती. मी तिला वही दाखवली.

विमानाला उशीर झाला. उशीर कधी एकरकमी देत नाहीत, हप्त्याने देतात. आधी पाऊण तास, मग आणखी पाऊण तास, मग 'पुढील सूचनेची वाट पाहा'. कारण काय, तर तांत्रिक. खाण्याचं कूपन मिळालं, त्यात एक सँडविच आणि अर्धा कप कॉफी आली. एकूण पाच तास दहा मिनिटं. पुढे खंडाळ्याच्या घाटात रविवारची गर्दी. पुण्याला कार्यालयात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. वाढपी खुर्चीवर खुर्ची चढवत होते. दादा शालीसकट एका टेबलाशी बसला होता. समोर तीन पानं मांडलेली. तोही जेवला नव्हता. मला बघून म्हणाला, "दमला असशील. हात धुऊन घे."

त्याने रागावून बोलायला हवं होतं. मग मला विमान कंपनीवर एवढा राग आला नसता.

त्याच रात्री मी कंपनीला पत्र लिहायला बसलो. चार पानी, इंग्रजीत. पहिल्या परिच्छेदात उभयपक्षी सौजन्य, दुसऱ्यात घटनाक्रम, तिसऱ्यात दादाचा अल्पपरिचय, चौथ्यात सहस्रचंद्रदर्शन म्हणजे काय याची परकीयांसाठी सुबोध माहिती. शेवटचं वाक्य तर असं साधलं होतं की मी ते हिला दोनदा वाचून दाखवलं. ही दुसऱ्यांदा वाचताना झोपली, पण ती दमली होती.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. विमान कंपन्यांच्या पत्रांची एक स्वतंत्र शैली आहे, अभ्यासकांनी तिच्याकडे लक्ष द्यावं. तिच्यात खेद असतो, पण कर्ता नसतो. 'गैरसोय झाली' असतं, 'आम्ही केली' नसतं. आपण त्यांचे मोलाचे ग्राहक असतो, आणि आपल्याला उत्तर देता येऊ नये अशा पत्त्यावरून ते आपल्याला हे कळवतात. मजकुराचा गाभा एकच होता: उशीर 'असाधारण परिस्थिती'मुळे झाला, सबब काही देणं लागत नाही. तरीही सदिच्छा म्हणून पुढच्या प्रवासात वापरायचं एक कूपन.

मी दुसरं पत्र लिहिलं, सहा पानी. त्यात विचारलं की ही परिस्थिती कोणती, आणि तिच्यात असाधारण ते काय? आठ दिवसांनी उत्तर आलं. तेच. म्हणजे त्याच आशयाचं नव्हे, तेच पत्र. स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नव्हता. ही म्हणाली, "अहो, तुमचं पत्र कुणी वाचलेलंच नाही." लेखकाला बायकोने सांगू नये अशा चारदोन गोष्टी असतात, त्यातली ही पहिली.

शेवटी जावई मध्ये पडले. "बाबा, तुम्ही कशाला लिहीत बसलात? त्याची सर्व्हिस असते." फोनवरूनच त्यांनी माझ्याकडून विमानाचा क्रमांक, तारीख आणि दोन्ही तिकिटं घेतली. यंत्राने दीड मिनिट विचार केला. ते विमान त्या दिवशी किती वाजता निघालं, किती वाजता उतरलं, तिथलं हवामान कसं होतं, हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग ते म्हणालं: दोन प्रवासी, येणं 1200 युरो. वसूल झाले तर आमचे शेकडा पस्तीस, कोर्टात जावं लागलं तर शेकडा पन्नास, हरलो तर तुम्ही काही देणं नाही. इथे बोटाने सही करा. मी सही केली आणि विचारलं, "दादाबद्दल कुठे लिहायचं?" जावई थोडं थांबून म्हणाले, "तसा रकाना नाही, बाबा."

माझा अहंकार दुखावला होता, तेव्हा मी मूळ कायदाच वाचायला घेतला. युरोपीय संघाचा हा 2004 सालचा 261 क्रमांकाचा नियम, 17 फेब्रुवारी 2005 पासून लागू. ज्ञानेश्वरीच्या खालोखाल भाष्यं जर कशावर झाली असतील तर ती यावर. मूळ सूत्र आटोपशीर आहे. विमान ऐन वेळी रद्द केलं, किंवा तिकीट असून चढू दिलं नाही, तर साधारणपणे 1500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, 3500 पर्यंत 400, त्यापुढे 600. युरोपीय संघातून निघणारं कोणाचंही विमान त्यात येतं. बाहेरून युरोपात येणारं मात्र कंपनी तिथलीच असेल तर येतं. म्हणजे बिगर-युरोपीय कंपनीने फ्रँकफुर्टला गेलात तर जातानाचा उशीर हे प्रारब्ध आणि येतानाचा उशीर हा कायदा. रखडलेल्या प्रवाशाला जेवणखाण द्यावं, शिवाय दोन फोन, टेलेक्स, फॅक्स किंवा ई-मेल फुकट करू द्यावेत, असंही कलम आहे. टेलेक्स! आधी कळतं तर मी त्या सँडविचवाल्या खिडकीवर टेलेक्सच मागितला असता. नुसत्या उत्सुकतेने.

पण गंमत अशी की त्या सूत्रात नुसत्या उशिराला पैसे नाहीतच. ते भाष्यकारांनी काढले. भाष्यकार म्हणजे लक्झेंबर्गचं युरोपीय न्यायालय. नोव्हेंबर 2009 मध्ये त्यांनी ठरवलं की तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलेला माणूस आणि विमान रद्द झालेला माणूस यांच्या हालांत फरक तो काय? दोघांनाही द्या. (लांबच्या प्रवासात तीन ते चार तासांना निम्मे, चाराच्या पुढे पूर्ण. पाच तास दहा मिनिटांचा असा अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता.)

मग पंडितांपुढे प्रश्न आला की 'पोचणं' म्हणजे काय. साल्झबर्गहून कोलोन-बॉनला गेलेल्या एका विमानाची चाकं टेकली तेव्हा उशीर होता दोन तास अठ्ठावन्न मिनिटं, आणि ते जागेवर जाऊन उभं राहिलं तेव्हा तीन तास तीन मिनिटं. मधल्या पाच मिनिटांवर 250 युरो लोंबकळत होते. 2014 साली न्यायालयाने निवाडा दिला: उतरायची मुभा देऊन विमानाचं एक तरी दार उघडतं तेव्हा माणूस पोचतो. किती खरं आहे! आपल्याकडेसुद्धा पाहुणा स्टेशनावर उतरला म्हणजे आला असं होत नाही. दार उघडलं म्हणजे आला.

आणि 'असाधारण परिस्थिती'? हीच तर त्या सूत्रातली पळवाट. तिच्यावरचं पहिलं मोठं भाष्य डिसेंबर 2008 मधलं. ऑस्ट्रियातल्या एक बाई व्हिएन्नाहून रोममार्गे ब्रिंडिसीला निघाल्या होत्या. इंजिनात बिघाड म्हणून निघायच्या पाच मिनिटं आधी विमान रद्द. त्यांनी 250 युरो मागितले, आणि वर फोनचे दहा. त्या दहा युरोंसाठी माझा त्या माउलीला साष्टांग नमस्कार. न्यायालय म्हणालं की विमान दुरुस्त ठेवणं हा विमान कंपनीचा रोजचा धंदा आहे, रोजच्या धंद्यात निघणारा बिघाड एरवी असाधारण म्हणता येणार नाही. पुढे 2017 मध्ये पक्षी विमानावर आपटला तर ते मात्र असाधारण, असं ठरलं. पक्ष्याला वेळापत्रक बंधनकारक नाही.

म्हणजे माझ्या कंपनीने मला लिहिलं ते तेव्हाच शिळं झालेलं होतं. घोषणेत 'तांत्रिक' आणि पत्रात 'असाधारण', एवढाच त्यांनी प्रवास केला होता, आणि तो मात्र वेळेवर.

आता यंत्राच्या पत्राकडे वळू. जावयांनी त्याची प्रत पाठवली. दीड पान. विमानाचा क्रमांक, अंतर, उशीर, कलम, निवाड्यांचे क्रमांक, रक्कम, मुदत. एक विशेषण नाही, एक उद्गारचिन्ह नाही. 'नम्र विनंती' नाही आणि 'खेदाने नमूद करावंसं वाटतं' हेही नाही. साहित्य म्हणून शून्य गुण. पण मी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मला घाम फुटला. माझ्या दहा पानांत एकही आकडा नव्हता की ज्याची कंपनीला भीती वाटावी. मी त्यांना दुःख कळवलं होतं. यंत्राने त्यांना बिल पाठवलं होतं.

पहिल्यांदा मला राग आला तो या कोरडेपणाचा. जो पाच तास बाकावर घोरत पडला त्याला सहाशे, आणि ज्याचं स्वतःचं लग्न चुकलं त्यालाही सहाशे? मग विचार केला, उलट असतं तर? म्हणजे ज्याचं नुकसान मोठं त्याला रक्कम मोठी. तर मला दादाची पत्रिका, कार्यालयाची पावती आणि 'अर्जदाराचे भावावर प्रेम असल्याची खात्री पटते' असा तलाठ्याचा दाखला जोडावा लागला असता. कंपनीच्या वकिलाने विचारलं असतं की एवढं प्रेम होतं तर दोन दिवस आधीचं तिकीट का नाही घेतलं? चाळीस युरो वाचवले की नाही? आणि मी कोर्टात खाली बघत उभा राहिलो असतो. कायद्याने माणसाच्या आत डोकवायचं नाही असं ठरवलं, हे त्याचं सौजन्यच. आणि आत डोकवायचं नाही म्हटल्यावर ते काम यंत्राला जमणारच.

तेव्हा त्या रकान्याबद्दलचा आक्षेप मी मागे घेतो. माझा खरा आक्षेप वेगळा आहे.

यंत्राच्या त्या एका पत्रानंतर पाच आठवड्यांत कंपनीने पैसे दिले. कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही. विमान तेच, उशीर तोच, कायदा तोच. मला दोनदा 'नाही', त्याला एकदाच 'हो'. मग मधल्या काळात बदललं काय? एवढंच बदललं की मागणारा मी होतो तेव्हा मी थकेन असा कंपनीचा हिशेब होता. दहातले आठ-नऊ जण पहिल्याच नकाराला गप्प बसतात, असा माझा आपला अंदाज. उरलेल्यांसाठी कूपन. (भरपाई रोख, चेकने किंवा बँकेतूनच द्यावी, कूपन प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच, असं त्याच नियमात आहे. हे मला कंपनीने सांगितलं नाही.) यंत्र थकत नाही, त्याला झोपही यायची नसते, हे कंपनीला ठाऊक आहे. खरं म्हणजे माझ्या चार पानांना उत्तर देणारंही यंत्रच असणार. म्हणजे मी हौसेने ज्या साहित्यव्यवहारात उतरलो होतो तो मुळात दोन यंत्रांचा होता. मी मध्येच उभा राहून कविता म्हणत होतो.

आता हिशेब बघा. कायद्यात माझे 600 युरो लिहिलेले. हातात आले 390. मधले 210 कशाचे? यंत्राने दीड मिनिट विचार केला त्याचे? त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याने काम केलं. ते 210 कंपनी पहिल्या पत्राला खोटं बोलली त्याचे आहेत. आणि ते कंपनीने भरले नाहीत. मी भरले, माझ्यातून, माझ्या बायकोच्यातूनही. दुकानदाराने माप मारावं आणि तराजू तपासणाऱ्याची फी गिऱ्हाइकाने द्यावी, त्यातला हा प्रकार. जर्मनीत अशा सर्व्हिसेस 2010 च्या आसपास निघाल्या, आता मोठा धंदा झाला आहे. विमान कंपन्या त्यांना जळवा म्हणतात. असतील. पण जळू लागते ती साचलेल्या रक्ताला. कंपन्यांनी पहिल्या पत्राला खरं उत्तर दिलं तर ही यंत्रं उद्या उपाशी मरतील. आज ती गुटगुटीत आहेत, यातच सगळं आलं.

आपल्याकडचं काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 च्या ऑगस्टमध्ये नियम काढले. ऐन वेळी विमान रद्द केलं तर प्रवासाच्या वेळेप्रमाणे पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधनाचा आकार, यांतलं जे कमी असेल ते. 'जे कमी असेल ते' वाचलं आणि मायदेशी आल्यासारखं वाटलं. नुसत्या उशिराला त्या नियमांत रोख काही नाही, खाणंपिणं आहे. दीड-दोन तास उशीर आणि एक वडापाव, हा करार आपण एस.टी.च्या थांब्यावर फार पूर्वीच मान्य केला आहे, आणि तिथे वडापावचे पैसेही आपलेच.

तर निकाल असा. लेखक म्हणून यंत्र नापास. वकील म्हणून पहिल्या वर्गात पास. आणि ज्याला रांगेत उभं राहायला वेळ नाही, भाषा येत नाही, वय झालं आहे, त्याने ते जरूर वापरावं. पण आधी एकदा स्वतः लिहावं. चार पानं नकोत, चार ओळी: विमान कुठलं, उशीर किती, कलम कुठलं, रक्कम किती. निवाड्याचा क्रमांक घालावा. दादाला त्यात घालू नये. नाहीच जमलं तर यंत्र आहेच.

दोघांचे मिळून 780 युरो जमा झाले. त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन दादाकडे गेलो आणि त्याला सगळा ग्रंथ सांगितला. सूत्र, भाष्य, दार, पक्षी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांनी चुकलं म्हणून लिहिलं का कुठे?"

मी पुन्हा सगळे कागद चाळले. रक्कम होती, संदर्भ क्रमांक होता. चूक कुठेच नव्हती. 'कोणतीही जबाबदारी मान्य न करता' असं मात्र होतं.

"असो," दादा म्हणाला. "मग आता माझा हिशेब. कार्य आठचं. तू आलास दोनला. दार उघडलं तेव्हाच पोचलास असं धरलं तरी सहा तास. अंतर सहा हजारांच्या वर. भूक वेगळी."

मी म्हटलं, "दादा, ती असाधारण परिस्थिती होती."

"चाळीस युरो," दादा म्हणाला. त्याला हे कुणी सांगितलं ते मी हिला अजून विचारलेलं नाही.

मी म्हटलं, "माझं चुकलं, दादा." खरं म्हणजे हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला ऐकवत होतो. माझ्या सतरा छापील पत्रांत ते कुठेही नाही.

दादाने पेढ्याचा पुडा पुढे ओढला. एक स्वतः घेतला, एक माझ्या हातावर ठेवला. मग आत बघून वहिनीला म्हणाला, "अगं, ते कात्रणांचं पाकीट आण. याने नवीन काही लिहिलंय."